गड्डा

गड्डा आईंनी कापला. काल, मी कामावर असताना. संध्याकाळी बटाट्याच्या रश्श्यात हिरवे तुरे दिसले तेव्हा कळलं. काही बोलले नाही. भाजी चांगली झाली होती, तेही बोलले नाही.

आणि आता रात्री लिहायला बसले तर चक्क घसा दाटतोय. ब्रोकोलीसाठी! ऑक्टोबरात ट्रेमध्ये बी टाकलं, महिन्याभराने रोपं ग्रो बॅगेत हलवली. डिसेंबरच्या ढगाळ हवेत मावा आला, तेव्हा रोज सकाळी पानं उलटून बघायची आणि निंबोळी तेल फवारायचं, हे कुणी केलं? बाकीची रोपं पानांतच रमली, एकाने तेवढा गड्डा धरला. तो मी रविवारसाठी ठेवला होता. रविवारी अमू येणार आहे. निदान म्हणाली तरी आहे.

आईंचं बरोबर होतं, हाच त्रास आहे. "अगं, कळ्या सुटायला लागल्या होत्या. रविवारपर्यंत पिवळा झाला असता." खरंय. आपण खातो त्या कळ्याच. पंधरा-वीस अंशांत घट्ट राहतात, आणि पुण्यात संक्रांत उलटली की रात्री स्वेटर, दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही. मोहरीच्या कुळातली ती, ऊन चढलं की फुलायची घाई.

पण विचारायचं तरी! एक फोन. अर्थात फोन आला असता तर मी "थांबा" म्हटलं असतं. म्हणूनच केला नसणार. इतकं ओळखतात मला, याचा वेगळाच राग. या घरात पहिलं काही कापायचा मान... जाऊ दे.

आज सकाळी बघितलं तर मी कंपोस्टात टाकली असती ती कोवळी पानं झुणक्यात पडली होती, आणि जाड दांडा सोलून, किसून कोशिंबीर. वर गच्चीत कापल्या जागेखाली, पानांच्या बेचक्यांत, फुटवे दिसायला लागलेत. मोठे नाही होणार, रुपयाएवढे झाले तरी पुष्कळ. अमूला तसेही तेवढेच खपतात. मोठ्या गड्ड्याचा तिने फोटो काढला असता आणि ताटात बाजूला सारला असता.

चहाच्या वेळी मी जाहीर केलं, "आई, फुटवे मी कापणार."

"काप की," म्हणाल्या. "आणि झालं की सांग, त्या बॅगेत मेथी पेरायचीये मला."