नाकवाल्या टाटा मर्सिडीजच्या केबिनचा तळ बदलला, त्याची हकीकत

केबिनचा तळ बदलायचा तर ग्राइंडर हातात घेण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधायचं. हे पहिल्यांदाच सांगून टाकते, कारण भोसरी-चिंचवडकडच्या गॅरेजांत मी ज्या जुन्या केबिन पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी नवा पत्रा टाकूनही थोड्याच पावसाळ्यांत परत भोकं पडली होती. पत्रा चांगला, वेल्डिंगही चांगलं, पण पाण्याची वाट कुणी बंद केली नव्हती.

आमचा ट्रक १९६७ सालचा, टाटा मर्सिडीज-बेंझ, लांब नाकाचा. टेल्कोने, म्हणजे टाटांच्या ट्रक बनवणाऱ्या कंपनीने, जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर १९५४ साली करार केला आणि तो १९६९ साली संपला. तोवरच्या गाड्यांच्या नाकावर तीन टोकांचा तारा असायचा, नंतर त्या जागी टाटांचं चिन्ह आलं. त्या काळी पुष्कळ गाडीमालक नुसती काउल-चासी, म्हणजे इंजिन आणि पुढचं नाक असलेला बिनकेबिनचा सांगाडा, घ्यायचे आणि केबिन बॉडीबिल्डरकडून लाकडात बांधून घ्यायचे. आमच्या गाडीला मात्र पूर्ण पत्र्याची केबिन आहे आणि ती अजून शाबूत आहे, म्हणून ती वाचवायची हे मी आधीच ठरवलं होतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, या गाडीतून कोल्हापूरचा गूळ आणला. आधी पुण्यात भवानी पेठेत उतरवायचे, पुढे मार्केट यार्ड झाल्यावर गुलटेकडीला. आमची तिघांची शिक्षणं या गाडीवर झाली. ती भंगारात देणं मला जमणारं नव्हतं.

पाणी शोधायची पद्धत अगदी साधी आहे. केबिनमधलं सगळं बाहेर काढून तळ कोरडा केला, त्यावर खडूची पूड भुरभुरवली आणि मी टॉर्च घेऊन आत बसले. बाहेरून भावाने बागेची नळी धरली, जोर कमी ठेवून, आणि खालून वर अशी हळूहळू नेली. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळीकडे जातं आणि कुठून शिरलं तेच कळत नाही. दाराच्या खालच्या कडेला काही झालं नाही. नळी पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि डॅशबोर्डच्या मागून, तारांच्या जुडग्यावरून, एक बारीक धार उतरली ती थेट क्लचच्या पेडलपाशी. खडूच्या पुडीत काळी रेघ उमटली. काचेचं रबर तिथे आतून चिरलं होतं, बाहेरून बघितलं तर धड दिसत होतं. दुसरी वाट निघाली काउलच्या, म्हणजे काचेपुढच्या पत्र्याच्या, हवेच्या झडपेखाली. तिथून पाणी बाहेर जायला कंपनीने भोक ठेवलेलं असतं. आमच्या गाडीत ते कडुलिंबाच्या काड्या आणि चिखलाने गच्च बुजलेलं, त्यामुळे पाणी तिथे साठून जोडातून आत झिरपायचं. क्लीनरच्या बाजूचा कोपरा मात्र पावसाने सडलेला नव्हता. तिथे वर्षानुवर्षं पाण्याचा कॅन आणि स्टोव्ह असायचा, हे आप्पांनी सांगितल्यावर उलगडलं.

हे झाल्यावर रबरी मॅट उचलली. मॅटखाली तागाची जाड नमदा होती आणि खरा घात तिने केला होता. वरून मॅट कोरडी वाटते, खाली नमदा मार्चपर्यंत ओल धरून ठेवते. त्याखाली पूर्वी एका गॅरेजने रिव्हेट मारून बसवलेली पट्टी, तिच्याखाली आणखी एक पट्टी, आणि दोन्हींवर डांबर. छन्नी घातली तर मधला पत्रा खारीसारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटून आला. लोखंडापेक्षा त्याचा गंज कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या फटीत एकदा गंज धरला की तो जोड फुगवत जातो, फट रुंदावते आणि आणखी पाणी आत घेते. पट्टीवर पट्टी मारणं म्हणजे अशा फटी वाढवत नेणं. मला हा प्रकार मुळीच पटत नाही. घाईत गाडी रस्त्यावर ठेवायची असेल तर समजू शकते, पण गाडी जपायची म्हणून आणलेली असेल तर पट्टी मारू नये.

मग जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन चार-चार बोटांवर टोचत गेले. जिथे टोक घुसलं तिथे लाल खडू, जिथे ठण्ण वाजलं तिथे पांढरा. ड्रायव्हरची बाजू जवळजवळ सगळी लाल झाली. सीटखालचा आडवा चॅनल, म्हणजे तळाला खालून आधार देणारी पोकळ पट्टी, तोही एका टोकाला खाल्लेला निघाला. सडलेला भाग दिसतो त्याच्या बराच पुढे जाऊन कापावं लागतं, कारण कडेचा पत्रा दिसायला अखंड असला तरी खालून निम्मा झिजलेला असतो आणि त्यावर वेल्डिंगचा टाका धरतच नाही, भोक पडतं.

तयार तळ कुठे मिळेल म्हणून नाना पेठेतल्या जुन्या स्पेअरपार्टवाल्यांकडे विचारलं, रविवारी जुना बाजारही पालथा घातला. हॉर्नचं बटण मिळालं, एक चांगला मीटर मिळाला. तळ नाही. नाना पेठेतल्या एका काकांनी सरळ सांगितलं, "या गाडीचा पत्रा मिळत नाही ताई, घडवावा लागतो." आणि घडवणारा माणूसही त्यांनीच सुचवला. भोसरीत एका शेडमध्ये काम करणारे डेंटर, सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणू लागले.

मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडलं, लावलं, परत उघडलं, आणि पत्र्याकडे न बघता केबिनच्या खालची रबरं बघायला वाकले. केबिन चासीवर ज्या रबरी बुशांवर बसते ती दबून चपटी झाली होती, उजवीकडची जास्तच. मामा म्हणाले, "आधी ही बदला. वाकड्या केबिनला सरळ तळ टाकला, की नंतर नवीन रबरावर ती उचलेल आणि तुमचं दार अडकेल." माझ्या डोक्यातही नव्हतं हे. रबरं बदलली, बोल्ट बेताने आवळले आणि मगच पुढचं मोजमाप सुरू झालं.

तळ म्हणजे पाय ठेवायची जागा एवढंच नसतं. दोन्ही दारांचे खांब खाली तोच धरून ठेवतो. तो काढला की केबिन बसते किंवा फाकते. म्हणून कापण्याआधी एक इंची चौकोनी पाइप आतून टाचले: बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, या दारापासून त्या दारापर्यंत, आणि फुलीसारखे तिरके दोन. दारं काढली नाहीत. दार लावल्यावर चारी बाजूंची फट किती आहे हेच सगळ्यात खरं मोजमाप, असं मामांचं म्हणणं, आणि काम चालू असताना दर थोड्या वेळाने ते दार लावून बघायचे. तिरकी मापं शेडच्या भिंतीवरच्या फळीवर खडूने लिहून ठेवली. शिवाय एका वेळी एकच बाजू कापायची. क्लीनरची बाजू पूर्ण होऊन थंड झाल्याशिवाय ड्रायव्हरच्या बाजूला हात लावायचा नाही.

बॅटरी सोडली, डिझेलची टाकी उतरवून शेडबाहेर नेली, तारांचं जुडगं वर बांधलं, ओली पोती आणि वाळूची बादली हाताशी ठेवली. वेल्डिंग संपल्यावर लगेच शटर ओढून घरी जायचं नाही, कुणीतरी तासभर थांबायचं. सीटच्या काथ्यात किंवा जुन्या डांबरात ठिणगी धुमसत राहते आणि नंतर पेट घेते.

कंपनीचा जोड स्पॉट वेल्डिंगचा, म्हणजे दोन पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेले. ते ठिपके गंजात दिसत नाहीत. वायर ब्रशने घासलं की बारीक गोल खळगे उमटतात. त्यांवर सेंटर पंच मारून फक्त वरचा पत्रा ड्रिलने कापायचा, खालचा चॅनल अखंड ठेवायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ग्राइंडरने सरसकट कापलं तर चॅनलच्या कडा जातात आणि नवा पत्रा कुठे बसवायचा तेच कळेनासं होतं. काढलेले तुकडे मी शेवटपर्यंत जपून ठेवले. पेडलची भोकं, स्टिअरिंगच्या खांबाची जागा, गिअरबॉक्सच्या झाकणाचे बोल्ट, सगळं त्या सडक्या तुकड्यांवरूनच पुठ्ठ्यावर उतरवता आलं.

पत्र्यावरून आमची थोडी चर्चा झाली. मला वाटत होतं गॅल्व्हनाइज्ड घ्यावा, म्हणजे गंजायचा प्रश्न मिटेल. मामांनी नको म्हटलं. जस्ताच्या थरावर वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला तर रात्री थंडी-ताप भरतो, आणि टाक्यापाशी जस्त जळून जातं ते जातंच. सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला साधा पत्रा घेतला, १.६ मिलिमीटर, म्हणजे १६ गेज. मूळ पत्रा चांगल्या जागी मोजला तेव्हा साधारण तेवढाच भरला होता. आठ बाय चार फुटांची शीट ३७ किलोच्या आसपास भरते, टेम्पोतून उभी आणली तर वाकते, खाली प्लायवुड ठेवून आडवी आणावी.

मूळ तळाला लांब उभ्या खोबणी दाबलेल्या आहेत. त्या शोभेच्या नाहीत. सपाट पत्रा पायाखाली डबडब वाजतो आणि इंजिनच्या थरथरीने सतत हलत राहतो, खोबणीने तो ताठ होतो. एसीचे डक्ट बनवणाऱ्यांकडे खोबणी पाडायचं मशीन असतं, पण ते पातळ पत्र्याचं, आमचा पत्रा त्यात दबेना. शेवटी मामांनी साचाच केला. जाड प्लेटवर दोन पट्ट्या मध्ये फट ठेवून वेल्ड केल्या, वरून गोल सळई, आणि शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याच्या हायड्रॉलिक प्रेसखाली पत्रा थोडा थोडा सरकवत दाबत गेले. एका दमात खोल दाबलं तर पत्रा फाटतो. पहिल्या फेरीत नुसती रेघ, मग थोडी खोली, मग पूर्ण. प्रत्येक खोबणीबरोबर पत्रा आत ओढला जाऊन रुंदीला कमी होतो, म्हणून आधी खोबणी पाडायच्या आणि बाहेरचा आकार नंतर कापायचा. प्रेसमधून निघालेला पत्रा कडेला वळलेला असतो, तो लाकडी हातोडीने बसवावा लागला. मामा डोळा पत्र्याच्या पातळीत आणून बघायचे, एक ठोका द्यायचे, परत बघायचे. ते बघत उभं राहणं हा माझ्यासाठी या सगळ्या कामातला सर्वांत आनंदाचा भाग होता.

आप्पा एकदा शेडमध्ये येऊन गेले. पुठ्ठ्याचा नमुना बघून म्हणाले, "ॲक्सिलरेटरपाशी टाच टेकते तिथे जाड पट्टी दे. घाटात पाय उचलायला मिळत नाही, पत्रा तिथे पहिला झिजतो." जुन्या तुकड्यात बघितलं तर खरंच तिथे टाचेएवढी जागा गुळगुळीत आणि पातळ झाली होती. नवीन तळावर तिथे २ मिलिमीटरची पट्टी बसवली, चारी कडा बंद करून, म्हणजे तिच्याखाली पाणी शिरणार नाही.

वेल्डिंग सीओटूवर केलं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात तार वितळवून. काडीच्या वेल्डिंगने हा पत्रा जळतो, गॅसने फार तापून वेडावाकडा होतो. चॅनलवर जिथे पत्रा टेकतो तिथे वरच्या पत्र्यात ८ मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डने भरली, म्हणजे जुन्या स्पॉटच्या जागी जवळपास तसाच जोड मिळतो. दोन पत्रे एकमेकांवर बसणार त्या पृष्ठभागांना आधीच जस्ताचं वेल्डिंग प्रायमर मारलं होतं, नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही. कडेचा जोड सलग ओढायचा नाही. बोटभर टाका इथे, मग दुसऱ्या टोकाला, मग मध्ये. हात लावून चटका बसत नाही तोवर त्या जागेशेजारी परत टाका नाही. पाइपचे आधार सगळ्यांत शेवटी कापले आणि लगेच दारं लावून बघितली. दोन्ही बाजूंच्या फटी फळीवर लिहिलेल्या मापांशी जुळल्या.

रंगाचं काम पावसाळ्यात काढू नये. पुण्यात जुलै-ऑगस्टला घासून चकचकीत केलेला पत्रा रात्रीतून पिवळट होतो. आम्ही हे काम मुद्दाम दिवाळीनंतर काढलं. ज्या जुन्या चॅनलवर वरवरचा गंज होता तिथे घासून फॉस्फोरिक ॲसिडवालं द्रावण लावलं. गंज काळा पडतो, मग धुऊन, पूर्ण वाळवून त्यावर इपॉक्सी प्रायमर. सगळ्या जोडांवर फटी बुजवणारं सीम सीलर, वरून आणि खालूनही. डांबरी अंडरकोट इपॉक्सीवरच मारला. गंजावर मारलेलं डांबर पाणी आत कोंडून ठेवतं आणि वर सगळं ठीक असल्याचा देखावा करतं. चॅनलच्या पोकळीत नळीने पातळ मेण सोडलं, खालची भोकं तारेने मोकळी ठेवून.

कागदपत्रांचं अनेकजण विचारतात. चासी नंबर चासीच्या लोखंडावर ठोकलेला असतो, तळाच्या पत्र्याशी त्याचा संबंध नाही. कंपनीची छोटी पाटी मात्र केबिनमध्ये रिव्हेटने लावलेली होती. ती सुरुवातीलाच काढून घरी नेऊन ठेवली होती. शेडमध्ये अशा पाट्या सहज हरवतात.

काचेचं नवीन रबर बसवल्यावर परत खडूची पूड आणि परत नळी. आत काही आलं नाही. मॅट बसवली ती खाली उंचवटे असलेली, नमदा टाकलीच नाही. इंजिनचा आवाज थोडा जास्त येतो, तो चालेल. गाडी धुतली की मॅट उचलून तळ वाऱ्यावर ठेवायचा, हे भावाला सांगून ठेवलंय. मामांनी आता उजव्या दाराची खालची कड उघडायला सांगितलीय. तिथेही स्क्रूड्रायव्हर आत जातो आहे.