सुरीचं पाणी उतरलं आणि मी दगड आणला

लातुरात माझी खानावळ आहे. शिकवणीसाठी बाहेरगावाहून आलेली साठ पोरं दोन्ही वेळा जेवतात. रोजचा कांदाच दहा किलो. सुरी बोथट झालेली आधी डोळ्यांना कळते. कांदा कापायच्या ऐवजी चिरडला जातो, रस उडतो आणि कामाला येणाऱ्या मावशी अन् मी पदराने डोळे पुसत बसतो.

पूर्वी सगळ्या सुऱ्या एकदम मोटारीच्या सानेवर, म्हणजे विजेवर फिरणाऱ्या धारेच्या चाकावर, देऊन यायचे. "ताई, दोन मिन्टात करून देतो." खरंच दोन मिनिटांत व्हायचं. ठिणग्या उडाल्या की मलाही वाटायचं, धार चांगली बसली. गेल्या वर्षी माझी सगळ्यात आवडती पोलादी सुरी परत आली ती टोकाकडे निळसर पट्टा घेऊनच. पहिल्या दिवशी झकास चालली. तिसऱ्या दिवशी टोमॅटोच्या सालीवरून घसरली.

माहेरच्या गावी लोहारमामांना दाखवली. त्यांनी ती उजेडात तिरपी धरली.

"पोरी, ह्याचं पाणी उतरलंय. आता कितीबी घास, दोन दिसात धार जाईल."

मग त्यांनी नीट समजावलं. पाणी म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा. पोलाद लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून ते पुन्हा बेताचं तापवतात, सुरीसाठी साधारण २०० अंशांच्या आसपास. त्याच्या पुढे उष्णता गेली की कडकपणा उतरत जातो. पोलादाचा रंगच ते सांगतो: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तांबूस, जांभळा आणि ३०० अंशांच्या सुमाराला निळा. नेहमीचं सहा इंची सानेचं चाक मिनिटाला २८०० फेरे घेतं, म्हणजे त्याची कड ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने पात्यावर घासते. धारेची कड कागदाएवढी पातळ. उष्णता जायला तिथे जागाच नसते. हात लावून पात्याची पाठ गार लागते, तोवर कड जळून गेलेली असते.

मधे एक घरगुती विजेचं यंत्रही घेऊन पाहिलं, खाचेतून सुरी ओढायचं. कोन ठरलेला असल्याने चूक होत नाही, हे त्याचं खरंच चांगलं. पण मुठीजवळचा भाग खाचेत नीट पोचत नाही. चार महिन्यांत तिथे उंचवटा राहिला आणि पुढे खळगा पडला. मग कोथिंबीर चिरली की काड्या माळेसारख्या एकमेकींत अडकलेल्या. आणि आईची विळी त्या खाचेत घालणार कशी? पाटावर ठोकलेलं पातं ते. तिथे दगडच पात्याकडे न्यावा लागतो.

शेवटी गंजगोलाईच्या बाजारातून दोन बाजूंचा दगड आणला, एक बाजू ४०० नंबरची म्हणजे भरड, दुसरी १००० ची म्हणजे बारीक. पहिल्या सुरीला पाऊण तास गेला आणि ती आधीपेक्षा वाईट झाली. हात डुलत होता, त्यामुळे कड गोल झाली. इथून पुढे जे सुधारलं ते दोन गोष्टींनी. एक, धारेच्या कडेला काळ्या मार्करची रेघ ओढायची आणि दोन-चार हात मारून बघायचं. शाई कडेवर तशीच असेल तर पाठ फार खाली आहे. फक्त धारेच्या अगदी शेवटच्या रेषेवरची गेली तर फार वर. साडेचार सेंटीमीटर रुंद पात्याची पाठ दीड सेंटीमीटर उचलली की वीस अंशांचा कोन होतो, एवढं मापून मी हाताला सवय लावली. दुसरी गोष्ट कोर. एका बाजूने पुरेसं घासलं की पलीकडच्या बाजूला बारीक कोर उलटते. अंगठा पाठीकडून धारेकडे हळूच सरकवला की ती खरखर लागते. मुठीपासून टोकापर्यंत लागल्याशिवाय बाजू बदलायची नाही. मी आधी घाईने बदलत होते, सगळं बिघडायचं ते तिथंच. शेवटी हात हलका करत जायचं आणि जुन्या कातडी पट्ट्यावर धार मागे ठेवून ओढायची, न्हावी चामोटीवर वस्तरा फिरवायचे तशी.

आता एका सुरीला दहा मिनिटं लागतात. दर दोन दिवसांनी पट्टा, पंधरा दिवसांनी १००० ची बाजू. दगडाला मधे खोलगट पडली की ओली वाळू टाकून शहाबादी फरशीवर घासून सपाट करते.

यंत्र वाईट आहे असं मी म्हणणार नाही. भावाच्या वेल्डिंगच्या दुकानात सान आहे. नारळ फोडताना कोयत्याचा दात तुटला तर मी तिथेच जाते. तो दगडावर काढायचा म्हणजे अख्खी दुपार जाईल. पण शेजारी पाण्याची बादली ठेवायला लावते, दर दोन घासांना पातं बुडवायला लावते आणि शेवटची धार घरी येऊन हातानेच लावते.

ती निळी सुरी टाकवली नाही. पातेल्याची खरवड काढायला ठेवली आणि दर पंधरवड्याला बाकीच्यांबरोबर तीही दगडावर घेत गेले. कड झिजत झिजत मागच्या पोलादापर्यंत आली. गेल्या आठवड्यात मावशींनी तिनेच टोमॅटो चिरायला घेतले. टोकाचा निळा पट्टा आता दिसत नाही, आणि आज आठवा दिवस, धार तशीच आहे.