आप्पांना साखर होती, तरी

"साखर होती ना त्यांना? मग तुम्ही नेत कसे होतात?"

तेराव्याला विचारलं गेलं, भाचीच्या लग्नात पंगतीत विचारलं गेलं, डोंबिवली स्टेशनच्या पुलावर गर्दीत थांबवूनसुद्धा विचारलं गेलं. आता समोरच्यानं आवाज जरा खाली आणला की मला कळतं काय येणार आहे. शेवटी "सहजच विचारलं हो" असं जोडतात. सासऱ्याला घेऊन जावई तीन वर्षं मुंबईभर मिठायांची दुकानं पालथी घालत होता, आणि त्याच सासऱ्याचं पायाचं बोट कापावं लागलं, हे सहज विचारण्यासारखं नाही. विचारा, पण सहज म्हणू नका.

इतके दिवस मी "चुकलंच माझं" म्हणून पुढे जात होतो. ते उत्तर नव्हतं. त्यानं विषय बंद व्हायचा, एवढंच. आज सगळं सांगतो, आणि आजच का, तेही पुढं येईल.

सासूबाई २०१५ मध्ये गेल्या. त्यानंतर गिरगावातल्या खोलीत आप्पा एकटे. आमच्याकडे या म्हटलं तर यायचे नाहीत. एका शनिवारी गेलो तर कपाटाच्या खणात पेढ्यांचा रिकामा पुडा सापडला, त्याखाली आणखी एक. ते एकटे, दार लावून, उभ्याउभ्या खात होते. रक्तातल्या साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा ९.२ आला होता. मी काही बोललो नाही. त्यांनीच एक जुनी डायरी पुढं केली, पोर्ट ट्रस्टची. शेवटच्या पानावर त्यांच्या कारकुनी अक्षरात सव्वीस नावं.

"ही सगळी मी बाहेरून पाहिली आहेत," म्हणाले.

हे वाक्य तुम्ही ऐकलं असतंत तर तुम्हीही नेलं असतंत. बॅलार्ड इस्टेटला तेहतीस वर्षं नोकरी, आणि १९२३ सालचं ब्रिटानिया हे पारसी हॉटेल रोज जाता-येता दिसणारं, पण आत पाऊल कधी नाही. पगार चार पोरांच्या शाळेत आणि गावाकडच्या घरात जायचा. प्रिन्सेस स्ट्रीटवरून घरी येताना पारसी डेअरीच्या काचेतून कुल्फी दिसायची. घरात अंडं चालत नव्हतं, त्यामुळे ग्रँट रोडच्या मेरवानचा मावा केक म्हणजे वासापुरताच. आणि हा माणूस खाण्याचा खरा दर्दी. पणशीकरांकडचं पियुष पिताना जायफळ आज जास्त उगाळलंय हे एका घोटात ओळखणारा. मलाही खाण्याचं वेड, आणि आमच्या दोघांच्याही घरी त्या वेडाला दुसरा साथीदार नव्हता. सासरा-जावई हे नातं तसं अवघडलेलंच असतं. आम्हाला बोलायला पहिल्यांदा विषय मिळाला.

आम्ही बेफिकीर होतो असं तुम्हाला वाटतं, म्हणून नियम सांगतो. पंधरा दिवसांतून एक शनिवार. एकच पदार्थ, दोन चमचे, त्यातला चौथाई आप्पांचा. निघण्याआधी बोटाला सुई टोचून साखर बघायची, दोन तासांनी पुन्हा बघायची. आकडा वर असेल तर त्या दिवशी नुसतं चालायचं, खायचं नाही. असे शनिवारही झाले, आणि आप्पांनी कधी तक्रार केली नाही. पेढ्यांचे पुडे बंद झाले, कारण पुढच्या शनिवारची वाट बघायची होती. वर्षभरात ९.२ चे ७.८ झाले. हा कागद माझ्याकडे आहे. मेहुण्याला मी तो दाखवला तेव्हा त्यानं हातात घेतला नाही.

ते शनिवार कसे होते हे मात्र कुणी विचारत नाही. मेरवानला सकाळी साडेसहाला पोचलो, कारण उशीर केला तर केक संपायचे. आप्पांनी आयुष्यातला पहिला मावा केक तोंडात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वेलची आहे. अंड्याचा वास कुठं आहे?" चर्चगेटला रुस्तमकडे दोन पातळ बिस्किटांमध्ये आईस्क्रीमची जाड वडी देतात. ते भराभर खावं लागतं, नाहीतर कोपरापर्यंत ओघळतं. आप्पांनी खिशातून धुतलेला रुमाल काढून मनगटाला गुंडाळला आणि मगच हात पुढं केला. माटुंग्याला राम आश्रयमध्ये अननसाचा शिरा. माहीमचा हलवा, कागदाच्या दोन पानांमध्ये ठेवलेला, तितकाच पातळ. आप्पांनी तो उजेडासमोर धरून बघितला. ब्रिटानियात नव्वदी पार केलेले मालक बोमन कोहिनूर टेबलांमधून फिरत गिऱ्हाइकांशी बोलायचे. कॅरामल कस्टर्ड आलं. चौथाई खाऊन आप्पांनी चमचा खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. आपल्या रोजच्या रस्त्याकडं ते पहिल्यांदा आतून बघत होते. मी उरलेलं कस्टर्ड संपवायचं थांबवलं. आजही ते दृश्य आठवलं की वाटतं, बरोबर केलं मी.

आणि मग २५ मे २०१९ चा शनिवार आठवतो.

लोकसभेचा निकाल लागून दोन दिवस झाले होते. रमजान चालू होता. डायरीत एकोणीस क्रमांकाला 'मिनारा मशिदीजवळचा मालपुवा आणि फिरनी' असं लिहिलं होतं, आणि ते रमजानच्या रात्रीच खायचं असं आप्पांचं ठरलेलं. ठाकूरद्वारहून आम्ही चालतच निघालो. भुलेश्वरातून, काळबादेवीतून. आप्पांच्या पायात नवी सँडल होती, पुढून झाकलेली, चांगल्यापैकी महाग. पायधुनीला पोचलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. इथवर खाडीचं पाणी यायचं, पलीकडून येणारी माणसं पाय धुऊन मुंबईत शिरायची, म्हणून पायधुनी, हे त्यांनी मला चौथ्यांदा सांगितलं. मी चौथ्यांदा ऐकलं.

सुलेमान उस्मानकडे मातीच्या छोट्या ताटलीत फिरनी घेतली. चौथाईचा नियम पाळला. मालपुव्याचा एक तुकडा आप्पांनी घेतला, बाकीचा मी. दुकानातून उतरताना त्यांचा उजवा पाय वितळलेल्या बर्फाच्या घाण पाण्यात गेला. मी पाण्याची बाटली घेतली. ते पायरीवर बसले, सँडल काढली, आणि मी पाणी ओतलं.

करंगळीच्या बाजूची कातडी सोलवटून निघाली होती. चांगली रुपयाएवढी. सँडलच्या आतली शिवण घासत होती, बहुधा भुलेश्वरापासूनच. सँडलचा आतला तळ रक्तानं ओला होता.

"आप्पा, दुखतंय का?"

"छे हो. कळतसुद्धा नाही."

मला हायसं वाटलं. हे मी लिहितोय तेव्हाही हात थांबतो. मला हायसं वाटलं! ज्या माणसाला सतरा वर्षं साखर आहे, ज्याच्या पायाचं कातडं निघालंय आणि ज्याला ते कळत नाही, त्याच्यासमोर बसून मला वाटलं की, चला, फार लागलेलं नाही. साखरेनं पायाच्या नसा मरतात हे मी कुठंतरी वाचलं असेल. पण आमचं सगळं लक्ष तोंडाकडं होतं. किती खाल्लं, आकडा किती. आम्ही तीन वर्षं त्यांचं बोट टोचत होतो आणि पाय एकदाही बघितला नव्हता. दर तीन महिन्यांनी ज्यांच्याकडे जात होतो त्या डॉक्टरांनीही पायताण काढायला कधी सांगितलं नव्हतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. थोडं सबब म्हणूनच सांगतो.

मी रुमालाची घडी करून आत घातली. टॅक्सी करू का, विचारलं. आप्पा म्हणाले, "बोहरी मोहल्ला दोन पावलांवर आहे. ताजचं आईस्क्रीम राहिलंय. पुन्हा कधी येणार इकडं?"

आणि आम्ही चालत गेलो. दोन पावलं नव्हती ती. ताजमध्ये अजून संच्यात हातानं आईस्क्रीम फिरवतात, भोवती बर्फ आणि मीठ घालून. आंब्याचं घेतलं. एकच प्लेट, दोन चमचे. मी माझा चमचा उचलला नाही. आप्पांनी ती प्लेट पूर्ण खाल्ली. नियम मोडतोय हे मला दिसत होतं, त्यांनाही ठाऊक होतं. खाताना ते मधेच थांबले आणि म्हणाले, "हिला आवडलं असतं." सासूबाईंना. त्या क्षणी मी प्लेट ओढून घ्यायला हवी होती असं तुमचं म्हणणं असेल तर असू द्या. मी पुन्हा तिथं बसलो तरी ओढणार नाही. पण टॅक्सी करीन. पायात रुमाल खुपसून त्यांना चालवणार नाही. गाडीत घालून सरळ डॉक्टरकडे नेईन.

पुढचे नऊ दिवस आप्पांनी जखम लपवली. मीही घरी सांगितलं नाही. उगाच काळजी नको म्हणून. फोनवर विचारायचो, "पाय कसा आहे?" "काही नाही हो, कळतसुद्धा नाही." नवव्या दिवशी ताप चढला. खोलीत शिरलो तर वास येत होता.

इस्पितळात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नायलॉनचा जाडसर दोरा आणला. "आजोबा, डोळे मिटा. पायाला टोचलं की हो म्हणा." त्यांनी तळव्यावर एकामागून एक जागी दोरा वाकेपर्यंत दाबला. टाच, चवडा, अंगठा. मी समोर उभा होतो. आप्पा डोळे मिटून शांत पडलेले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "सुरू केलं का?"

त्या बाईंनी माझ्याकडं बघितलं. तेव्हा मला सगळं कळलं.

करंगळी काढावी लागली. आप्पा त्यानंतर अडीच वर्षं होते, जानेवारी २०२२ मध्ये हृदयविकारानं गेले. त्या अडीच वर्षांत आम्ही एकदाही कुठं गेलो नाही. आधी पाय, मग लॉकडाऊन, मग कुणाचीच हिंमत नाही. सात नावं राहिली.

आता, आजच का सांगतो ते. ती सँडल हिनं घेतली होती. माझ्या बायकोनं, वडिलांच्या पंचाहत्तरीला. "तुम्ही दोघं एवढं चालता, त्यांच्या पायाला चांगलं काही असू दे," म्हणून दुकानात तासभर घालवून आणली होती. पाय झाकलेला हवा म्हणून पुढून बंद बघितली होती. बोट गेलं त्या रात्री इस्पितळाच्या जिन्यात ती मला म्हणाली, "कुणाला सांगू नकोस." मी सांगितलं नाही. भाऊ, काकू, शेजारी, सगळ्यांना गोडाचं कारण पुरलं. ते समजायला सोपं होतं, आणि माझ्या अंगावर येत होतं, ते मला चालत होतं. मागच्या महिन्यात कुणीतरी पुन्हा विचारलं, ही शेजारीच उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, "आता लिही. मला नाही सहन होत, दर वेळी तू ऐकून घेतोस ते."

मी तिला म्हटलं की तुझा दोष नाही, नवी चप्पल कुणालाही लागते. ती म्हणाली, मग तुझा तरी कसा? याचं उत्तर माझ्याकडे आहे: मी बघितलं होतं. तिनं बघितलं नव्हतं. ती हे ऐकून घेत नाही.

आणि गोड निर्दोष होतं असंही मला म्हणता येत नाही. वाढलेल्या साखरेत जखम भरत नाही, जंतूंना रान मिळतं. त्या रात्रीच्या एका प्लेटनं काय केलं आणि सतरा वर्षांनी काय केलं, हे कोण वेगळं काढणार? मी रात्री-अपरात्री काढायचा प्रयत्न करतो. कधी ७.८ चा कागद जिंकतो, कधी ती पायरी. मेहुण्याला वाटतं मी स्वतःला सोडवून घेतोय. तसं असेलही. पण त्यानं एकदा त्या डायरीतली खुणा केलेली एकोणीस नावं वाचावीत. प्रत्येक नावापुढं आप्पांनी तारीख घातली आहे आणि एकेक शब्द लिहिला आहे. मेरवानपुढं 'मऊ'. ब्रिटानियापुढं 'खिडकी'. एकोणिसाव्यापुढं त्यांनी तारीख घातली, आणि त्याखाली, यादीत नसलेलं नाव लिहून, 'ताज, आंबा, पूर्ण'.

आता माझाही आकडा ६.१ आला आहे. मागच्या शनिवारी मी डायरी काढून बसलो होतो, विसाव्या नावावर. ही आतून आली, हातात बॅटरी होती. म्हणाली, "जाऊ या. पण आधी पाय वर घे." मी पाय पलंगावर घेतले. तिनं चष्मा लावला आणि एकेक बोट बाजूला करून बघायला लागली.