२६ जुलैची रात्र, पाळणाघर आणि फरशीवरची रेल्वेलाइन

मी कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत पाळणाघर चालवते, १९९७ पासून. सकाळी पावणेसहाला पहिलं मूल येतं, झोपेतच असतं, आईच्या खांद्यावर मान टाकलेली, कारण तिला सहा-वीसची गाडी पकडायची असते. शेवटचं मूल जातं रात्री साडेआठला. सीएसटी, म्हणजे आताचं सीएसएमटी, इथून ५४ किलोमीटर, फास्ट मिळाली तरी एक तास पक्का, वर पुढची बस आणि इकडची रिक्षाची लाइन, म्हणजे आईचे बारा-तेरा तास घराबाहेर जातात. माझ्या रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, आईवडिलांचे फोन, डॉक्टर हे सगळं असतंच पण शेवटचा कॉलम आहे 'गाडी'. संध्याकाळी कुठल्या गाडीने येणार ते तिथे लिहायचं. सहाची कर्जत फास्ट, बदलापूर स्लो असं. आडनावं माझ्या लक्षात राहत नाहीत हो, पण आयांच्या गाड्या राहतात, आणि गाडी कळली की मला कळतं दूध कधी गरम करायचं, मुलाला कधी तोंड धुवून तयार ठेवायचं.

कल्याण गाव तसं जुनं, खाडीवरचं बंदर, पण आमचं पूर्व म्हणजे रेल्वेनेच वसवलेलं. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली, पुढच्याच वर्षी १ मे ला कल्याणपर्यंत आली, मग इथून एक लाइन खोपोलीकडे गेली आणि एक कसाऱ्याकडे, जंक्शन झालं, मग यार्ड, शेड, रेल्वे कॉलनी, रेल्वेची शाळा. त्यांच्या मागे चाळी उठल्या आणि मुंबईत खोली परवडत नाही म्हणून नोकरदार माणसं एकेक करत इकडे येत राहिली. माझे सासरे, आम्ही अण्णा म्हणायचो, लोको शेडमध्ये फिटर होते. घाटात गाडीला मागून रेटा देणारी जी बँकर इंजिनं असतात त्यांच्यावर त्यांनी काम केलेलं. रिटायर झाल्यावर पाळणाघरात मुलांचे आजोबा झाले. पोरं सांभाळण्यात त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचे.

तर २६ जुलै २००५, मंगळवार. पाऊस सकाळपासून होताच पण दुपारी जेवणं झाली आणि असा काही धरला की समोरची बिल्डिंग दिसेना. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासात ९४४ मिलिमीटर पडला, हे आता सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा आम्हाला फक्त एवढंच दिसत होतं की गटाराचं पाणी उलटं वर यायला लागलंय. वालधुनी नदीला पाणी चढलं की आमच्या बाजूला खालच्या गल्ल्या भरतात. अकरा मुलं होती, दोघांच्या आज्या इथेच राहायच्या, त्या चारच्या सुमारास छत्र्या घेऊन आल्या आणि मुलांना घेऊन गेल्या. राहिली नऊ. सगळ्यात छोटी दीड वर्षाची, तिची आई परळला हॉस्पिटलमध्ये नर्स. सगळ्यात मोठा तिसरीतला मुलगा, शाळा सुटली की यायचा. एक चार वर्षांची मुलगी, घरी मल्याळम बोलणारी, माझ्याशी मराठी बोलायची पण रडू आलं की मल्याळममधूनच रडायची.

पाचला लाइट गेली. साडेपाचला फोन डेड. सहाची कर्जत यायची वेळ झाली, गेली, कोणी आलं नाही. सातला आमच्या खोलीत घोट्याएवढं पाणी. वरच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यातूनच ओरडल्या, अगं मुलं वर आण, वाट कसली बघतेस, आणि त्यांच्या मुलाने दोन-दोन पोरं काखेत मारून वर नेली. मी गाद्या, डाळ-तांदळाचे डबे आणि रजिस्टर तेवढं घेतलं. रजिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरलं होतं ते अजून आठवतं. त्यात नऊ घरांचे फोन नंबर होते आणि फोन तर एकही लागत नव्हता.

मुलं विचारायला लागली. आधी एक, मग सगळी. काकू आई कधी येणार? मी म्हणायला लागले, येईलच आता, गाडी लेट आहे, पाच मिनिटात येईल. दोनतीनदा म्हणून झालं असेल. अण्णा कोपऱ्यात बसून ऐकत होते, ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सूनबाई, खोटं सांगू नकोस. पाच मिनिटं झाली की पोरं परत विचारणार आणि मग तुझ्यावरचा विश्वास पण जाणार. आधी गाड्या कुठे आहेत ते बघून येतो." मी नको नको म्हणत होते, सत्तरीचा माणूस, बाहेर अंधार, गल्लीत मांडीएवढं पाणी. ते काठी, विजेरी घेऊन निघाले सुद्धा.

सगळ्या शहराचे फोन मेले तरी रेल्वेचे चालू असतात हे त्यांना माहीत होतं. रेल्वेची स्वतःची वेगळी लाइन असते, स्टेशन, केबिन, कंट्रोल सगळे त्यावर बोलतात. यार्डाच्या बाजूला त्यांच्या ओळखीची माणसं अजून ड्युटीवर होती. दीड तासाने आले, नखशिखांत भिजलेले, खिशात विडीच्या बंडलाच्या कागदावर पेन्सिलीने लिहून आणलेलं. सायन-कुर्ल्याला रूळ पाण्याखाली, गाड्या जागच्या जागी उभ्या, लोक उतरून रुळावरून चालतायत, ठाण्यापर्यंत पोचलेले काही आहेत, रात्रीत गाडी येणं कठीण.

मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. वहिनींच्या हॉलमधला पाट सरकवला आणि खडूने फरशीवर एक लांब रेघ ओढली, भिंतीपासून भिंतीपर्यंत. एका टोकाला सीएसटी, मग दादर, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, ठाणे, दिवा, डोंबिवली, दुसऱ्या टोकाला कल्याण. माझा बटणांचा डबा मागितला. प्रत्येक मुलाने एक बटण निवडायचं, ती त्याची आई. मग रजिस्टर उघडून एकेकाची गाडी बघायची, ऑफिस कुठे आहे ते बघायचं, त्या हिशोबाने आता ती कुठे असेल ते बटण तिथे ठेवायचं. नर्सताईंचं बटण दादरच्या थोडं खाली परळला. मल्याळी मुलीने लाल बटण घेतलं होतं, ते कुर्ल्याला. तिसरीतला मुलगा म्हणाला माझी आई नेहमी ठाण्याला सीट मिळते म्हणून दरवाजातून आत सरकते, तर तिला ठाण्याला ठेवा. अण्णा म्हणाले, बघू, तसं असेलही, पण नक्की माहीत नाही तोवर घाटकोपरलाच ठेवू. बटण पुढे सरकवायचं ते फक्त बातमी आली तरच, हा त्यांचा नियम. मुलांनी तो निमूट मान्य केला. रडणं थांबलं. पूर्ण नाही, पण आई कुठेतरी आहे, रुळावर एका जागी आहे, हे त्यांना डोळ्यांनी दिसत होतं ना.

खिचडी केली मेणबत्तीच्या उजेडात. छोटीचे लंगोट सगळे ओले, तर अण्णांनी त्यांचं जुनं धोतर काढून दिलं, ते मऊ असतं, त्याचे मी कात्रीने दहा तुकडे केले. दूध संपलं होतं, तिला भाताची पेज चमच्याने पाजली, मीठ आणि थोडं तूप घालून. रात्री एकच्या सुमाराला ती झोपली. बाकीची दहा-साडेदहालाच झोपली होती, रेघेच्या दोन्ही बाजूला, आपापल्या बटणाच्या जवळ. तिसरीतला तर ठाण्याजवळ डोकं ठेवून. बाहेर सगळं अंधारात आणि एक आवाज नव्हता, तो म्हणजे गाडीचा. आम्ही यार्डाशेजारची माणसं, शंटिंगच्या धडधडीत झोपणारी, त्या शांततेतच मला झोप लागेना.

पहाटे पाऊस कमी झाला. सकाळी साडेआठला पहिली आई आली. डोंबिवलीहून चालत, रात्र तिने तिथे स्टेशनवर काढलेली. मग अकराला तिसरीतल्याची आई. ठाण्यापासून चालली होती, ती बाई रुळाच्या कडेकडेने कळवा, मुंब्रा, दिवा करत आली, वीस किलोमीटर होतात. चप्पल एकच होती पायात, दुसऱ्या पायाला ओढणीचा तुकडा गुंडाळलेला. मुलगा धावत गेला नाही. आधी तो फरशीकडे गेला, बटण उचलून कल्याणला ठेवलं, मग गेला. तिला काहीच कळेना हे काय चाललंय. मी सांगितलं तेव्हा ती तिथेच रेघेवर बसली आणि रडली, बराच वेळ, आणि आम्ही तिला रडू दिलं. वहिनींनी गरम पाण्याचं घमेलं आणून तिच्या पायाशी ठेवलं.

दुपारपर्यंत सहा गेली, संध्याकाळी अजून दोन. त्यातल्या एकाला वडील न्यायला आले, ते घाटकोपरहून रात्रभर चाललेले. लाल बटणवाल्या मुलीची आई कुर्ल्याला एका शाळेत रात्र काढून आली, तिथल्या वस्तीतल्या बायकांनी चहा-बिस्किटं दिली म्हणाली, आणि कोरडी साडी पण.

छोटी राहिली. तिच्या आईच्या वॉर्डात पुढची शिफ्ट पोचलीच नव्हती, त्यामुळे ही उठून येऊच शकत नव्हती. तिकडे ती दुसऱ्यांच्या आजारी मुलांना सांभाळत होती आणि तिची मुलगी इकडे माझ्या कडेवर. याच्यात कोणाला दोष द्यायचा? ती आली २८ ला संध्याकाळी, थोडं ट्रकने, थोडं चालत. छोटीने तिच्याकडे बघितलं आणि तोंड माझ्या खांद्यात लपवलं. पाच-दहा मिनिटं गेलीच नाही आईकडे. त्या बाईचा चेहरा... मी मुद्दाम आत निघून गेले, छोटीला खाली ठेवून. आतून ऐकलं, आधी रडणं आणि मग हसणं. परत आले तर ती धोतराच्या लंगोटात आईच्या मांडीवर.

त्या आठवड्यात रजिस्टर भरताना मी 'गाडी' च्या कॉलममध्ये प्रत्येकाच्या पुढे जसं झालं तसं लिहिलं. चालत. चालत. ट्रक. चालत. ती वही अजून आहे माझ्याकडे, कडा पाण्याने फुगलेल्या. वहिनींनी फरशीवरची रेघ गणपतीपर्यंत पुसली नाही, तिच्या आजूबाजूनेच फडकं मारायच्या. अण्णा २०११ ला गेले.

१ ऑगस्टपासून मी रजिस्टरला एक नवीन कॉलम काढला. 'गाडी बंद पडली तर'. कल्याणातलंच, चालत येऊन मुलाला नेऊ शकेल असं कोणाचं तरी नाव लिहायचं. आत्या, आजी, शेजारीण, कोणीही. आया पेन हातात घेऊन विचार करत उभ्या राहायच्या. कोणाचं माहेर साताऱ्याला, कोणाचं केरळात, शेजारीपण सकाळी त्याच गाडीने मुंबईला जाणारे. पाच जणींनी तिथे माझंच नाव लिहिलं.