दिवे घाटातल्या फोटोंवरची गुलाबी झाक अखेर निघाली

दिवे घाटातल्या फोटोंचं काम या आठवड्यात खऱ्या अर्थाने पुढे सरकलं. माउलींची पालखी घाट चढत असताना मधेच ढग फाटले आणि दोन-तीन मिनिटं कडक ऊन पडलं. त्या उन्हातल्या सगळ्या फ्रेम जळल्या, म्हणजे जास्त उजेडाने त्यातले तपशील पुसले गेले. जळल्या ते एक वेळ चाललं असतं, पण वारकऱ्यांच्या सदऱ्यांवर गुलाबी झाक आली. एका आजोबांनी पताकेची काठी खांद्याला टेकवली आहे, तिथल्या चुण्यांचे उंचवटे गुलाबी आणि बाकी कापड पांढरंशुभ्र.

आधी मी मजेंटाचं (जांभळट गुलाबीचं) सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, उतरवून पाहिलं. सदरा निवळला, पण शेजारच्या मावशींचं राणी रंगाचं लुगडं राखाडी पडलं. तो फोटो मला पाहवेना. शिवाय ही गुलाबी झाक मुळात कापडाची नाहीच, तर ती पुसून काय होणार?

कॅमेऱ्याचा सेन्सर लाल, हिरवा आणि निळा उजेड वेगवेगळा मोजतो; हे त्याचे तीन चॅनल. उन्हात त्यातला हिरवा सगळ्यात आधी भरतो. लाल आणि निळ्यात अजून जागा असते. मग व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी पायरी) लालला साधारण दोनाने, निळ्याला दीडने गुणतो, हिरव्याला मात्र एकानेच. हिरवा छताला टेकून थांबलेला आणि हे दोघे त्याच्या वर, की झाला मजेंटा. म्हणून सॉफ्टवेअर तिघांनाही एकाच पातळीवर छाटतं आणि पांढरा मिळतो. मी वापरते त्या डार्कटेबल या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही छाटणी चालू होती, तरीही गुलाबी! इथे मी महिनाभर अडकले होते.

मग खिडकीच्या काचेवर पांढरा कागद लावला, मुद्दाम जाळलेले फोटो काढले आणि रॉ हिस्टोग्राम, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या आकड्यांचा आलेख, उघडला. १४ बिटांच्या फाइलीत सर्वांत मोठा आकडा १६३८३, आणि डार्कटेबल तोच पांढरी पातळी, म्हणजे चॅनल भरल्याची खूण, म्हणून धरत होतं. माझ्या कॅमेऱ्याच्या हिरव्याची उभी रेघ मात्र १५२०० च्या आसपास. म्हणजे हिरवा ९३ टक्क्यांवरच संपलेला, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी तो अजून शाबूत! लाल-निळे गुणाकारानंतर पूर्ण शंभरला पोचतात. ही सात टक्क्यांची तूट सदऱ्यावर गुलाबी दिसत होती.

डार्कटेबलच्या ‘रॉ ब्लॅक/व्हाइट पॉइंट’ मॉड्यूलमध्ये पांढरी पातळी १५१०० केली आणि झाक तिथल्या तिथे गेली. लुगडं जसंच्या तसं राणी. खूप आनंद झाला. काही कॅमेऱ्यांत ही पातळी आयएसओनुसार (प्रकाश-संवेदनशीलतेच्या सेटिंगनुसार) बदलते, तेव्हा माझा आकडा उचलू नका. तुमच्या कॅमेऱ्यावर प्रत्येक आयएसओला पांढऱ्या कागदाचा असा जाळलेला फोटो काढून बघा.

त्यानंतर हायलाइट रिकन्स्ट्रक्शनमध्ये (जळलेले भाग सावरणाऱ्या मॉड्यूलमध्ये) नुसत्या छाटणीऐवजी ‘इनपेंट अपोज्ड’ ही पद्धत लावली. भरलेल्या चॅनलची किंमत ते उरलेल्या चॅनलवरून अंदाजाने बसवतं. खांद्यावरच्या तीन चुण्या परत दिसायला लागल्या, काठीखालची बारीक सावलीसुद्धा. टोपीच्या माथ्यावर तिन्ही चॅनल भरलेत; तिथे काहीच उरलेलं नाही, ती पांढरीच ठेवली.

आता टाळांची फ्रेम घेतली आहे. पितळेवरच्या चमकेत पिवळेपणा असतो, त्यामुळे सदऱ्यासारखी ती पांढरी करून भागणार नाही. ‘अपोज्ड’ने कडा बऱ्या आल्यात, मध्यभाग अजून फिका आहे. उद्या त्यावर सेगमेंटेशनची, म्हणजे जळलेल्या भागाचे तुकडे पाडून ते भरण्याची, पद्धत लावून बघते.