पोटरीतला गोळा

मंगळवार, रात्री

आज अण्णांना मिरजेला दाखवून आणलं. डॉक्टरांनी आधी पावलावर दोन बोटं ठेवून नाडी चाचपली. उजव्या पायाला लागली, डाव्याला लागेना. मग बीपीचा पट्टा घोट्याच्या वर बांधला. घोट्याचं प्रेशर दंडाएवढं तरी हवं. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागून ०.९ किंवा त्याहून कमी आलं, तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात असं समजतात. अण्णांचं ०.६ आलं.

सांगलवाडीहून आयर्विन पुलावरून चालत गणपतीला जायचं, ही त्यांची जुनी सवय. अलीकडे मध्येच कठड्याला टेकायचे. पोटरीत गोळा यायचा, जरा थांबलं की जायचा, पुन्हा तेवढंच चाललं की परत हजर. वात आहे, तेल चोळा, असं जो तो सांगायचा. पण चाललं की येणारं आणि थांबलं की जाणारं दुखणं रक्त कमी पोचण्याचं असू शकतं. त्यात हळदीच्या बाजारात हमाली करतानाची बिडी आणि जोडीला शुगर. एवढ्यावरसुद्धा डॉक्टर गाठायला हवा, कारण अशा माणसाला हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचाही धोका जास्त असतो.

आज थांबायचंच नाही असं मी ठरवलं ते अंगठ्यावरच्या जखमेमुळे. चपलेने सोललेलं एवढंसं कातडं, पण भरेना; कडा काळपट पडलेल्या. आणि रात्री अण्णा पाय खाटेवरून खाली सोडून बसलेले दिसायचे. पाय लोंबता ठेवला की रक्त थोडं उतरतं, म्हणून बरं वाटतं. पडल्यापडल्या पाऊल दुखणं आणि जखम न भरणं, ही पाय जाण्याच्या वाटेवरची लक्षणं आहेत. तिथे पुढच्या आठवड्यावर ढकलून चालत नाही.

आणि पाय एकाएकी गार, पांढरा पडला, बधिर झाला, बोटं हलेनाशी झाली, तर सकाळची वाटसुद्धा बघायची नाही. लगेच १०८ ला फोन. हातात काही तासच असतात. गार लागतोय म्हणून शेक तर मुळीच द्यायचा नाही, बधिर पायाला भाजलेलं कळत नाही.

उद्या डॉप्लर आहे, म्हणजे पायातलं रक्त कसं वाहतंय ते बघणारी सोनोग्राफी. अण्णांच्या जोडीच्या एका काकांनाही चालताना गोळा येतो म्हणे. त्यांच्या सुनेला आत्ताच फोन केला, उद्या त्यांनाही बरोबर घेतेय.