कोजागिरी, सरकी आणि 1975 सालचे पिक्चर

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, दारव्हा-दिग्रसच्या मधलं. मंडळाचा गणपती व्हायचा, नवरात्रात शारदा बसायची, पण आम्ही पोट्टे खरी वाट पाहायचो ती कोजागिरीची. त्या रात्री मारुतीच्या पारासमोर पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, जाळावर दुधाचा गंज चढायचा आणि दूध आटेपर्यंत कोणत्यातरी एका सालाचे पिक्चर लावायचे, म्हणजे पडद्यावर नाही हो, नंबरात! पहिला कोणता, दुसरा कोणता, तिसरा कोणता.

साल चिठ्ठीनं निघायचं. मग मास्तर त्या सालातले पिक्चर आठवून आठवून डालड्याच्या रिकाम्या डब्यांवर खडूनं नावं लिहायचे आणि प्रत्येकाच्या हातावर पाच सरक्या, म्हणजे कापसाच्या बिया, पडायच्या. एका डब्यात जास्तीत जास्त तीन टाकायच्या, बाकीच्या दुसरीकडे. ती सरकी, जिला थोडी पांढरी लव राहिलेली असते, बोटाला चिकटायची, पटकन सुटायची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम मास्तरांचा, बोलल्याशिवाय सरकी नाही. का आवडला ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, दोन वाक्यं का होईना.

1996 ची कोजागिरी मला सगळ्यात जास्त आठवते. चिठ्ठीत 1975 निघालं आणि पोट्ट्यांनी नुसता कल्ला केला कारण सगळ्यांना वाटलं झालं, शोले जिंकला. शोले आमच्या गावानं आधी ऐकला मग पाहिला. लग्नात भोंग्यावर डायलॉगची कॅसेट लागायची, त्यामुळे पिक्चर न पाहिलेल्या माणसालाही गब्बरचं सगळं पाठ. टेलरकाका शोलेसाठी उभे राहिले आणि पुरा एक सीन म्हणूनच खाली बसले. त्यावर मास्तर म्हणाले एवढ्या मोठ्या पिक्चरला फिल्मफेअर एकच मिळालं, ते पण एडिटिंगचं, एम. एस. शिंदेंना, आणि बेस्ट पिक्चरचं बक्षीस गेलं दीवारला. पोट्ट्यांना ते बिलकुल पटलं नाही.

मग आंधीवरून भांडण. तो आणीबाणीत बंद केला होता, सरकार बदलल्यावर 77 मधे परत लागला, तर आपण त्याला 75 मधे धरायचं काऊन? अर्धा तास गेला यात. शेवटी धरला. चुपके चुपकेला मास्तर आणि पोस्टमनभाऊ असे दोघंच. पांडू हवालदारवर दादा कोंडक्यांची सगळी माणसं तुटून पडली, त्यांना कोणी आवरायचं!

बायका त्या रात्री तशाही बाहेर असायच्या, भुलाबाईचा शेवटचा दिवस, गाणी म्हणून, खाऊ ओळखून झाला की पाराकडे यायच्या. त्या वर्षी त्या सरक्या मागायलाच आल्या. माझी मोठी माय उभी राहिली आणि म्हणाली, "आमी बंडी जुंपून गेलो होतो संतोषी माँ पाह्याले. चपला बाहेर काढल्या टाकीजच्या. माही शुक्रवारची गूळ-चण्याची पूजा तवापासूनची हाय, तुमच्या गब्बरची कोणं पूजा केली का?" मला वाटतं एवढं पक्कं भाषण त्या पारावर कोणी केलं नसेल. उषा मंगेशकरांची आरती सगळ्या बायकांनी तिथंच सुरू केली आणि दूध ढवळणारा पोट्टा पण हात थांबवून ऐकत बसला, खालून लागलं थोडं दूध.

आणि मग तो. आमच्याकडे सालगडी होता, नाव नाही सांगत. गुढीपाडव्याला साल धरायचा आणि वर्षभर हो जी, नाही जी याच्या पलीकडे शब्द नाही. दरवर्षी मागं बसून दूध प्यायचा, सरकी घ्यायचाच नाही, बोलावं लागते म्हणून. त्या वर्षी त्यानं हात पुढे केला. पाच सरक्या मुठीत घट्ट धरून उभा राहिला, बराच वेळ उभाच, कोणी हसलं नाही हे मला फार बरं वाटतं आजही.

म्हणाला, "मले शोले आवडते. पण मी दीवारले टाकीन. त्यात ते माय मजुरी करते ना जी, डोक्शावर ओझं घेऊन. माही माय अशीच वाह्ये, इहिरीच्या कामावर. तवा मी लहान होतो, मले काई समजे नाही. मंग टाकीजमधी समजलं."

दीवारच्या डब्यात तीन सरक्या टाकल्या त्यानं, एकेक करून, आणि उरलेल्या दोन संतोषी माँच्या. मोठी माय पदरानं डोळे पुसत होती.

मोजणी मास्तरांनी कंदिलाजवळ केली. संतोषी माँ 61, शोले 58, दीवार 47. पोट्टे म्हणाले परत मोजा, परत मोजलं, तेवढंच. वहीत लिहिलं गेलं आणि दूध वाटलं, वाटीत चंद्र दिसतो का पाहून पाहून.

पुढच्या वर्षी कापसाची पहिली वेचणी चालली होती, सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन दोनच दिवस झालेले, कोजागिरी अजून आठ दिवसांवर. मी धुऱ्यावर डबा घेऊन गेलो तर तो कापसानं भरलेली ओटी तशीच धरून माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, "औंदा कोणतं साल काढून राह्यले जी मास्तर?"